काळी बीअर आणि पन्नास गुण

बीअरला गुण कसे देतात याचा एक छापील तक्ता माझ्या पुतण्याने मला दाखवला. अमेरिकेत १९८५ साली बीअर-परीक्षकांची एक संस्था निघाली, तिचा हा तक्ता. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मत १०. सारा जन्म चाचणी परीक्षेचे पेपर तपासलेला मी मास्तर, मला या तक्त्याची भारी गंमत वाटली. दिसण्याला फक्त ३ गुण! म्हणजे अक्षर सुंदर असून उत्तर चुकलं, तर पोरगं नापासच. हे मला पटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. पुतण्या म्युनिकहून आला होता, येताना तिथली एक काळी बीअर घेऊन. जर्मन लोक तिला 'डुंकेल' म्हणतात, म्हणजे गडद. (ताई हे वाचून फोन करणारच, म्हणून आधीच सांगतो: चार घोट, जेवणाआधी, पुण्यात. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो हे कित्येक पिणाऱ्यांना ठाऊक नसतं. आम्ही काढला होता.)

काळी बीअर म्हणजे जास्त कडक, असा आपल्याकडे सर्वांचा समज. तसं काही नाही. डुंकेलमध्ये मद्यार्क साधारण साडेचार ते साडेपाच टक्के, म्हणजे पिवळ्या बीअरइतकाच. काळेपणा येतो तो धान्याच्या भाजणीतून. आणि ही भाजणी समजायला जर्मनीला जायची गरज नाही. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात ना? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. जवाचं हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते, पुढे त्या साखरेवर यीस्ट काम करतं. फरक एवढाच, की आपण सत्त्व सावलीत वाळवतो आणि ते लोक माल्ट भट्टीवर सुकवतात.

पूर्वी ही भट्टी लाकडाची. आच हातात राहायची नाही, धूर धान्यात शिरायचा. त्यामुळे जुन्या काळची बहुतेक बीअर तपकिरी आणि धुरकट असे. १८३३ साली म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर हे दोघे तरुण इंग्लंडला गेले. तिथल्या कारखान्यांत गरम हवेने माल्ट सुकवत. हे दोघे पाहुणे म्हणून आत जात आणि पोकळ काठीत नमुने भरून गुपचूप बाहेर आणत! परत आल्यावर झेडलमायरने म्युनिकच्या काळ्या बीअरला शिस्त लावली. धूर गेला, भाजणी राहिली.

तिथलं पाणीही मदतीला होतं. म्युनिकचं पाणी जड. आमच्या डोंगरकड्याच्या बाजूला बोअरचं पाणी असंच, डाळ शिजता शिजत नाही. पण भाजलेलं माल्ट थोडं आंबट असतं आणि जड पाणी तो आंबटपणा मारतं, त्यामुळे काळी बीअर त्या पाण्यात उत्तम जमते. फिकट बीअरला मऊ पाणी हवं. ते बोहेमियात पिल्झेनला होतं, आणि १८४२ साली तिथे सोनेरी बीअर निघाली. काचेच्या पेल्यात ती इतकी झळकली की जग तिच्यामागे गेलं. १८९४ मध्ये झेडलमायरच्याच कारखान्याने म्युनिकात फिकट बीअर काढली, आणि काळी हळूहळू मागे पडली.

'लागर' हा शब्दही मला आवडला. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं. थंडाव्यात कित्येक आठवडे ठेवायची. आपण लोणच्याला 'मुरलं' म्हणतो, तेच.

तर पेपर तपासायला घेतला. रंग काकवीसारखा, उजेडात धरल्यावर लालसर झाक, फेस जाड. ३ पैकी ३. चवीच्या रकान्यापुढे पुतण्याने इंग्रजीत लांबलचक काही लिहिलं, पावाची कड, टोस्ट वगैरे. मी म्हटलं, अरे, याला आपल्याकडे एकच शब्द आहे, खरपूस. तव्यावरची ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर टाकली की पापुद्र्याला जे येतं ते. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेवर निबंध लिहिला. आपल्या आयांनी लिहिला नाही एवढंच. आणि खरपूस व करपलेलं यातला फरक हीच या बीअरची खरी परीक्षा. ही करपली नव्हती. कॉफीसारखा कडूपणा नाही, शेवट गोडसर पण चिकट नाही. २० पैकी १५. तोंडात भरीव, ४. वासाला मात्र ८च दिले. प्रवासात शिळी झाली असावी, मागून ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. एकूण मत ७. बेरीज ३७. अडतीसपासून 'उत्कृष्ट' श्रेणी सुरू होते. पुतण्या म्हणाला, "काका, एक ग्रेस मार्क द्या ना!" मी जन्मात कुणाला दिला नाही.

या तक्त्यात एक रकाना नाही, तो किमतीचा. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानाबद्दल सगळे सांगतात की बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालावं. त्याच फर्मानात भावही बांधून दिला होता: एका मापाला हिवाळ्यात एक फेनिग, उन्हाळ्यात दोन. पिण्याच्या वस्तूवर राज्यकर्त्यांचा हात असतोच. आमच्या मराठवाड्यात तो निजामाचा होता. शिंदी आणि दारूवरची अबकारी हे त्याचं मोठं उत्पन्न. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. लहानपणी वडीलधाऱ्यांकडून हे ऐकताना मला वाटे की झाडांचा काय गुन्हा. गुन्हा खजिन्याचा होता. पुढे दारूने मोडलेली घरं शाळेतल्या पोरांच्या तोंडावर वाचली, आणि गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. खरपूस चवीला पंधरा गुण देताना हेही डोक्यात होतंच.

आणि पाणी. एक लिटर बीअरला कित्येक लिटर पाणी लागतं. आपल्याकडे बीअरचे मोठे कारखाने आहेत ते वाळूज-चिकलठाण्याला, जायकवाडीच्या पाण्यावर. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडायला सांगितलं, जूनअखेरपर्यंत.