हिवाळ्यातील फुलबाग : तिचा इतिहास आणि आपला वारसा

मार्गशीर्ष महिना लागला म्हणजे महाराष्ट्राच्या पठारावरील फुलबागांना निराळेच तेज चढते. युरोपातील थंड देशांत या सुमारास बागा हिमाखाली निजलेल्या असतात. झाडांवर पानही उरत नाही. आपल्याकडे मात्र पावसाळा सरलेला, आकाश निवळलेले, जमिनीत ओल शिल्लक आणि किडीचा जोर ओसरलेला असतो. पुण्यास जानेवारीत दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन आणि पहाटे ११-१२ अंशांचा गारवा असे मान असते. असा हा सौम्य हिवाळा फुलांना परम अनुकूल होय. शेवंती, झेंडू, कोरांटी, कुंद, अबोली, बोगनवेल, पॉइन्सेटिया अशी किती नावे घ्यावीत! या दिवसांत देवघरापासून बाजारपेठेपर्यंत फुलांना तोटा नसतो.

ही सारी फुले आपणांस इतकी घरची वाटतात की ती अनादि काळापासून येथेच असावीत, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. संत सावता महाराजांनी १२९५ साली अरण येथे समाधी घेतली. ज्या मळ्यात त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले, त्या मळ्याच्या बांधावर झेंडूचे एकही रोप नव्हते. कारण त्या काळी ते अवघ्या भरतखंडातच नव्हते. आज झेंडूवाचून दसऱ्याचे तोरण होत नाही. मग तो आला कोठून, त्यास आणले कोणी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यास येथे रुजविले कोणी? या प्रश्नांचा विचार आपल्या समाजाच्या वार्षिक अंकात होणे उचित आहे. कारण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी आपल्याच घराण्यांत दडलेले आहे.

प्रथम मूळच्या रहिवाशांचे स्मरण करू. हिवाळी फुलांत कुंद आणि कोरांटी ही खास या भूमीची. कालिदासाने ‘मेघदूता’त अलकानगरीच्या स्त्रियांचा साजशृंगार वर्णिताना सहाही ऋतूंची फुले एकत्र आणली आहेत. त्यांत हेमंताचा मान त्याने केसांत माळलेल्या कोवळ्या कुंदकळ्यांस दिला आहे. सरस्वतीच्या शुभ्र कांतीला उपमा दिली जाते तीही कुंदाचीच. कोरांटीविषयी तर प्राचीनांचे निरीक्षण फार बारीक होते. अमरसिंहाने आपल्या कोशात तिच्या जाती फुलांच्या रंगांवरून वेगळ्या करून पिवळीस कुरंटक व तांबडीस कुरबक अशी निरनिराळी नावे नोंदविली आहेत. ‘कोरांटी’ हा आपला शब्द त्या कुरंटकाचाच वंशज होय. कुंपणाच्या कडेला, फारसे पाणी न मागता, काट्यांसह उभी राहणारी आणि थंडी पडताच फुलांनी भरून जाणारी ही वनस्पती बागेत मानाच्या वाफ्यात क्वचितच दिसते. जे सहज लाभते त्याची किंमत राहत नाही, हेच खरे.

आता परदेशीयांकडे वळू. त्यांत अग्रमान झेंडूचा. याची जन्मभूमी मेक्सिको. तेथील प्राचीन अझ्टेक लोक त्यास ‘सेंपोआलशोचित्ल’ म्हणत. या शब्दाचा अर्थ ‘वीस फुले’, म्हणजे एकाच देठावर पुष्कळ पाकळ्यांचा संभार. नोव्हेंबरच्या प्रारंभी मेक्सिकोतील लोक आपल्या मृत आप्तांच्या स्मरणार्थ जो उत्सव करतात, त्यात आजही झेंडूच्याच पाकळ्यांनी वाट सजवितात. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले. आणि १५२१ मध्ये स्पेनने मेक्सिकोची राजधानी जिंकली. तीस वर्षांच्या आत पृथ्वीची दोन टोके जहाजांनी जोडली गेली. मिरची, पेरू, सीताफळ, काजू यांच्याप्रमाणेच झेंडूही या नव्या सागरी वाटांमुळेच आपल्याकडे येऊ शकला. इंग्रजांनी मोठ्या झेंडूस ‘आफ्रिकन’ आणि लहान मखमली झेंडूस ‘फ्रेंच’ अशी नावे दिली, ती दोन्ही चुकीची; दोघेही अमेरिकेचेच पुत्र. आपल्या पूर्वजांनी मात्र त्याचे कुळ विचारले नाही. रंग भगवा, रोप काटक, माळ टिकाऊ, एवढे पाहून त्यांनी त्यास थेट देवाच्या पायांशी नेले.

शेवंतीचा प्रवास दुसऱ्या दिशेने झाला. ती मूळची चीनची. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेला ताओ युआनमिंग हा चिनी कवी शेवंतीच्या प्रेमासाठी प्रसिद्ध आहे. पुढे ती जपानात गेली आणि तेथील सम्राटांचे राजचिन्ह बनली. आपल्याकडे तिच्या नावात एक मौज आहे. हिंदीत ‘सेवती’ हे नाव पांढऱ्या गुलाबाचे. संस्कृतातही ते एका गुलाबाकडेच निर्देश करी. मराठीत मात्र हे नाव चीनहून आलेल्या या पाहुणीस मिळाले. अतिथीस घरातील लेकीचे नाव द्यावे, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

शेवंती नेमकी हिवाळ्यातच का फुलते, याचे कारण पाश्चात्त्य शास्त्रज्ञांस फार उशिरा उमगले. फूल थंडीने येते अशी सर्वसाधारण समजूत होती. १९२० साली अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलर्ड या दोन संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीन यांवर प्रयोग करून दाखविले की, कित्येक वनस्पतींचे फुलणे दिवस-रात्रींच्या लांबीवर अवलंबून असते. शेवंती व पॉइन्सेटिया यांस रात्र पुरेशी लांबली म्हणजेच कळी धरते. पुण्याच्या अक्षांशावर उन्हाळ्यातील मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक आणि हिवाळ्यातील लहानात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो; एवढा फरक त्यांस पुरतो. ज्या वाफ्यावर रात्रभर दिव्याचा उजेड पडतो, तेथील शेवंती मागे राहते ती यामुळेच.

हे शास्त्र ठाऊक नसतानाही आपल्या वडीलधाऱ्यांनी शेवंतीचे वेळापत्रक अचूक बसविले होते. हंगाम संपला की जुनी झाडे छाटावयाची. बुंध्याशी फुटलेल्या काश्या मुळांसह अलग करून सावलीच्या जागी जपावयाच्या. उन्हाळ्यात त्यांस बेताचे पाणी द्यावयाचे. पावसाच्या तोंडाशी त्या सरीवर लावावयाच्या. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू द्यावयाचे नाही. रोप वीतभर झाले की शेंडे खुडून त्यास फांद्या फोडावयाच्या. हे सर्व यथास्थित केले तर कार्तिक-मार्गशीर्षात झाड कळ्यांनी लवते आणि मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेस फूल बाजारात हजर होते. झिपरी, राजा, रेवडी ही जुन्या वाणांची नावे कोणा पंडिताने ठेवलेली नव्हेत. ती मळ्यात आणि बाजारात जन्मली. बी पेरून यातील मूळ वाण हुबेहूब मिळत नाही. म्हणून काशी जपणाऱ्या हातांची साखळी एका वर्षासाठी जरी तुटली, तरी तो वाण त्या घरातून कायमचा जातो. शेवंतीचा इतिहास म्हणजे या न तुटलेल्या साखळीचा इतिहास होय.

वनस्पतींच्या ग्रंथांतून मात्र या हातांचा उल्लेख कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. त्याचा येथील औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आपल्या पारिजातकाची हकीकत आहे. त्यानंतर शतकभराने कोचीनचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या कामी त्यास साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तिघे कोंकणी पंडित होते. तसेच इट्टी अच्युतन हे एळवा समाजातील परंपरागत वैद्य होते. १६७५ साली या पंडितांनी नागरी लिपीत आणि वैद्यांनी मल्याळमच्या जुन्या लिपीत आपापली प्रमाणपत्रे लिहून दिली व ती ग्रंथात छापली गेली. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनी आपण त्यांची नावे सांगू शकतो. जी झाडे-वेली तोडून आणणारी माणसे होती, त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नाही. ती विस्मृतीत गेली. लेखणीची सत्ता ती एवढी.

मराठी राज्यातही बागांची उपेक्षा नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडावर कोणती झाडे लावावीत हे सांगताना आंबा-फणसांबरोबर फुलझाडे आणि वेली यांचाही आवर्जून निर्देश आहे. पेशवाईत पुण्यास हिराबागेसारख्या बागा झाल्या. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे हे घराणे पुण्यास येऊन फुलांच्या व्यवसायात शिरले आणि पेशव्यांकडे फुले पुरवू लागले. पेशव्यांनी त्यांस जमीन इनाम दिली, असे महात्मा जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. धंद्यावरून त्यांचे आडनाव ‘फुले’ पडले आणि त्याच घराण्यात १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी ते नाव अजरामर केले. ज्यांच्या घरात हारतुऱ्यांचा व्यवसाय होता, त्यांनीच पुढे अक्षरविद्येचा आग्रह धरला, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. फूल सकाळी उमलून सायंकाळी कोमेजते, अक्षर टिकते.

इंग्रजी अमदानीत बागांस शास्त्रीय संस्थांचे रूप आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पतिउद्यान स्थापिले. १८३८ पासून त्याची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतील वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. ती आज स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील राजकीय उद्यानात सुरक्षित आहेत. गिब्सनसाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. ती सुंदर चित्रे रंगविणाऱ्या हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराचे नाव मात्र कोणासही ठाऊक नाही. मुंबईत १८६२ साली लोकांसाठी उघडलेली भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही याच परंपरेतील.

त्या शतकात पाश्चात्त्य बागांतून ज्या हिवाळी वनस्पतींचा बोलबाला झाला, त्यांतील दोहोंची कथा बोधप्रद आहे. पॉइन्सेटियाच्या तांबड्या पाकळ्या म्हणजे वस्तुतः रंग पालटलेली पाने होत. खरे फूल मध्यभागी, पिवळसर व बारीक. १८२५ मध्ये मेक्सिकोत अमेरिकेचा वकील म्हणून गेलेल्या जोएल पॉइन्सेटने हे झाड स्वदेशी पाठविले आणि त्याचे नाव त्यास चिकटले; मेक्सिकोवासीयांनी शतकानुशतके वापरलेले नाव मागे पडले. बोगनवेल ही ब्राझीलची. १७६७ साली रिओ द जानेरो येथे ती फिलिबेर कॉमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या संग्रहात आली. नाव पडले ते जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख बूगनव्हिल याचे. कॉमेर्सोंचा पाय त्या वेळी दुखावलेला होता. वनस्पतींचे भारे वाहण्यास त्याजबरोबर एक सेवक होता; तो सेवक म्हणजे पुरुषवेष घेतलेली झान बारे ही शेतमजुराची कन्या होती, कारण फ्रेंच आरमारी जहाजावर स्त्रियांस मज्जाव होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. तिच्या नावाने एका वनस्पतीचे नामकरण झाले ते २०१२ साली, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? फुलांना जात नाही, कुळ नाही, देशही नाही. ज्या भूमीत त्यांस सौम्य ऊन, बेताची थंडी आणि जपणारे हात मिळतात, ती भूमी त्यांची. हा आपल्या हिवाळी बागेचा पहिला धडा. दुसरा धडा आपल्यापुरता आहे. आणणाऱ्यांची नावे ग्रंथांत राहिली. रुजविणाऱ्यांची राहिली नाहीत. त्याबद्दल इतरांस दोष देऊन भागणार नाही, कारण आपणही ती लिहून ठेविली नाहीत.

आज आपल्या समाजातील मुलेमुली वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक अशा नाना क्षेत्रांत पुढे जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, हेही कालमानानुसार झाले. त्यांनी पुन्हा खुरपे हाती घ्यावे, असा आग्रह नाही. परंतु शेवंतीच्या काश्या कोणत्या झाडाखाली जपत, कोणता वाण कोणत्या गावाहून आला, कोणत्या पेठेत कोणाकडे माल जाई, हे सांगणारी वडील मंडळी काही घरांत आहेत. त्यांच्यापाशी या हिवाळ्यात एक संध्याकाळ बसावे, ते सांगतील ते कागदावर उतरवावे आणि खाली त्यांचे नाव व गाव लिहावे. इट्टी अच्युतन यांच्या प्रमाणपत्रास याहून अधिक काही लागले नव्हते.

आणि जमल्यास खिडकीतील एका कुंडीत शेवंतीची एक काशीही लावावी. रात्री लांबल्या की ती आपणहून फुलेल.