शिरोवेष्टनाचा अधिकार : महाराष्ट्रातील पागोटे, पगडी व टोपी

वेषाच्या इतिहासात शिरोवेष्टनाला जे स्थान आहे ते अंगरखा, धोतर किंवा उपरणे यांना नाही. ऊन, वारा व पाऊस यांपासून डोक्याचे रक्षण करणे हा त्याचा मूळ उपयोग खरा. परंतु केवळ उपयोगाकडे पाहून त्याचा इतिहास उलगडत नाही. उन्हापासून रक्षण होण्यास कोणतेही फडके पुरेसे असते. असे असता एकाच गावात, एकाच हवेत राहणाऱ्या माणसांनी निरनिराळ्या जातींची, दरबारांची आणि पक्षांची शिरोवेष्टने का धारण करावीत, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय. महाराष्ट्रातील पागोटे, पगडी व टोपी यांच्या गेल्या तीन शतकांतील स्थित्यंतरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. त्यांतून निघणारा निष्कर्ष असा की, शिरोवेष्टनाचा अर्थ त्याच्या आकारात किंवा रंगात नसतो. ते कोणी कोणाच्या डोक्यावर ठेवावे, कोणापुढे उतरावे आणि त्याच्या बळावर कोणाच्या वतीने बोलावे, या संबंधांत तो असतो.

१

पागोटे आणि पगडी हे शब्द बोलण्यात पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. तथापि वस्तू म्हणून त्यांत भेद आहे. पागोटे किंवा फेटा म्हणजे लांब कापड दर वेळी डोक्याभोवती गुंडाळून बांधावयाचे. सोडले की ते पुन्हा कापडच होते. पगडी ही पगडबंदाने एकदाच बांधून व टाचून सिद्ध केलेली असते आणि ती टोपीप्रमाणे उचलून डोक्यावर ठेवता येते. शेतकऱ्याचे पागोटे प्रसंगी घाम पुसण्यास, ओझ्याखाली चुंबळीसारखे घेण्यास किंवा काही बांधून नेण्यासही उपयोगी पडे. पगडीला असा दुसरा उपयोग नव्हता, आणि या निरुपयोगीपणातच तिची प्रतिष्ठा होती. पगडी घालणाऱ्याला डोक्यावरून ओझे वाहावे लागत नाही, ही गोष्ट पगडी न बोलता सांगत असे.

दरबारी जीवनात शिरोवेष्टनाला याहूनही निश्चित अर्थ होता. फारसी ‘सर-ओ-पा’ यावरून आलेला ‘शिरपाव’ हा शब्द डोक्यापासून पायापर्यंतच्या मानवस्त्रांचा वाचक आहे. ही वस्त्रे धन्याने द्यावयाची व सेवकाने धारण करावयाची, असा हा व्यवहार होता. पेशवेपदाची वस्त्रेही छत्रपतींकडून येत. शिरपेच, तुरा, कलगी हे अलंकार त्याच परंपरेतले होत. ‘शिरपेचात मानाचा तुरा खोवणे’ हा वाक्प्रचार आजही या व्यवहाराची साक्ष देतो. डोक्यावरील मान हा स्वतः मिळवून स्वतः घालण्याचा नसून वरिष्ठाने घालावयाचा असतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. कुटुंबातही हीच रीत होती. वडिलांच्या मृत्यूनंतर दुखवट्याच्या अखेरीस आप्तांनी कर्त्या मुलाच्या डोक्यावर पागोटे बांधले म्हणजे घराचा भार त्याच्याकडे आला, असे समजले जाई.

दरबाराबाहेर शिरोवेष्टन जातीची व प्रांताची ओळख देई. पुण्यातील ब्राह्मणांची पगडी निराळी, मुंबईच्या पाठारे प्रभूंची निराळी, पारशांची निराळी. शिंदेशाही पगडीचा थाट आणखी वेगळा. इ. स. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जातवार वर्णने देताना प्रत्येक जातीचा वेष नोंदविला आहे. जी ओळख रस्त्यावरच्या माणसाला एका दृष्टिक्षेपात पटे, तीच आता सरकारी ग्रंथात वर्गीकृत झाली. हा सारा इतिहास पुरुषांच्या डोक्याचा आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. स्त्रीच्या डोक्यावरील पदर तिची मर्यादा दाखवी, अधिकार नव्हे. आणि ब्राह्मण विधवेचे केशवपन तर तिचे उरलेसुरले स्थानही काढून घेई.

२

या जगात ‘टोपी’ ही परक्यांची खूण होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सर्व युरोपीय व्यापाऱ्यांना मिळून ‘टोपीकर’ हा एकच शब्द योजिला आहे. धर्म, भाषा व देश यांनी परस्परांपासून भिन्न असलेल्या या लोकांना मराठी राजनीतीने डोक्यावरील वस्तूने ओळखावे, यात मोठा अर्थ आहे. पागोटे बांधणारे ते आपले आणि टोपी घालणारे ते समुद्रापलीकडचे, अशी ही सीमारेषा होती.

टोपीकर राज्यकर्ते झाल्यावर या सीमारेषेला आदराच्या रीतींतील विरोधाची जोड मिळाली. हिंदी रिवाजाप्रमाणे आदर दाखवावयाचा तर पादत्राणे काढावयाची आणि डोके झाकलेले ठेवावयाचे. उघड्या डोक्याने थोरांपुढे जाणे हा उद्धटपणा किंवा अशुभ. इंग्रजी रिवाजाप्रमाणे डोके उघडे करावयाचे आणि बूट पायांतच ठेवावयाचे. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी सुसंगत होत्या. प्रश्न होता तो एकाच कचेरीत दोन्ही एकत्र आल्यावर कोणाची चालावी हा. इंग्रज अधिकारी स्वतः आपल्या रीतीने वागत आणि हिंदी माणसाने मात्र हिंदी रीतीनेच वागावे असा आग्रह धरीत. इ. स. १८५४ मध्ये बंगाल प्रांतात सरकारी समारंभांना युरोपीय पद्धतीचे बूट घालून येण्याची मुभा हिंदी लोकांना देण्यात आली, तरी वाद शमला नाही. मुंबई इलाख्यात सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी असेसराने इ. स. १८६२ मध्ये जोडे काढण्यास नकार दिला व ते प्रकरण गाजले.

हा वाद वरवर पाहता पायांतील जोड्यांचा असला, तरी त्याचे मूळ डोक्याशी निगडित होते. पगडी न काढणाऱ्याने जोडे काढलेच पाहिजेत, कारण अन्यथा तो कोणत्याच रीतीने आदर दाखवीत नाही, असा राज्यकर्त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे पगडीला मान होता, परंतु तो ‘नेटिव’ म्हणून ठरवून दिलेल्या जागेतला होता. पगडी घालणाऱ्याने त्या जागेतून हलू नये, हीच अपेक्षा होती.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या सार्वजनिक जीवनात पगडीला नवा अर्थ आला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्या डोक्यांवरील पगडी आता केवळ जातीची खूण राहिली नाही. विद्वत्ता, सभा आणि वृत्तपत्र यांच्या द्वारे राष्ट्राच्या वतीने बोलणाऱ्या वर्गाची ती खूण झाली. परंतु राष्ट्राच्या वतीने बोलणारे हे राष्ट्रातील कोणत्या थरांतून आले, हा प्रश्न त्याच काळात त्याच शहरात विचारला गेला.

इ. स. १८८८ च्या मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला जोतीराव फुले खेडुताच्या वेषात गेले. दागिन्यांनी व भरजरी वस्त्रांनी नटलेल्या मंडळींत उभे राहून, हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. या प्रसंगाकडे केवळ साधेपणाचे उदाहरण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. निमंत्रितांच्या वेषातूनच राजपुत्राला हिंदुस्थानचे एक चित्र दाखविले जात होते. फुल्यांनी त्या चित्राला वेषानेच आव्हान दिले. प्रतिनिधित्वाचा वाद युक्तिवादाने मांडण्यापूर्वी तो त्यांनी अंगावर घालून आणला होता. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे अस्पृश्य स्त्रियांना जातीची खूण ठरणारा पोशाख व दागिने टाकण्याचा जो उपदेश केला, तोही या विचाराचीच दुसरी बाजू होय. एकाने खालच्या थराची खूण मानाच्या जागी नेली. दुसऱ्याने हीनतेची खूणच पुसून टाकण्यास सांगितले.

४

गांधी टोपीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे नीट समजते. ही टोपी कशी निश्चित झाली, याची हकीकत काका कालेलकरांनी गांधीजींच्या आठवणींत नोंदविली आहे. निरनिराळ्या प्रांतांतील शिरोवेष्टने गांधीजींनी एकेक करून तपासली. पंजाबी फेट्याला कापड फार लागते. पगडी घाम शोषून घेते पण मळ दाखवीत नाही. महाराष्ट्रात रूढ झालेल्या हंगेरियन टोप्या बऱ्या, पण त्या नमद्याच्या. अखेरीस काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला, कारण ती हलकी, शिवण्यास सोपी व घडी करून खिशात ठेवण्याजोगी होती. लोकरीऐवजी सुती कापड आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो व ती धुवावीच लागते.

ही सर्व कारणे उपयोगाची, काटकसरीची व स्वच्छतेची आहेत. जात, प्रांत किंवा दरबार यांचा त्यांत उल्लेखही नाही. हेच या टोपीचे क्रांतिकारकत्व होय. पगडी पाहून माणसाची जात कळे. ही टोपी पाहून ती कळेनाशी झाली. ती कोणी कोणाला बहाल करावयाची नव्हती. खादीचा वीतभर तुकडा असलेल्या कोणालाही ती स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवता येत होती. सरकारने ही गोष्ट लवकर ओळखली. असहकाराच्या काळात अनेक ठिकाणी सरकारी नोकरांना ही टोपी घालण्याची मनाई झाली. दोनशे वर्षांपूर्वी ज्या शब्दाने परकीय ओळखला जाई, त्याच शब्दाने आता परकीय सत्तेचा विरोधक ओळखला जाऊ लागला. स्वतः गांधीजींनी मात्र ही टोपी फार थोडा काळ वापरली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा स्वीकारल्यावर त्यांचे डोके उघडेच राहिले.

टोपीने जातीची खूण पुसली खरी, परंतु तिच्या जागी पक्षाची खूण आली. पांढऱ्या टोपीसमोर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची काळी टोपी व समाजवाद्यांची लाल टोपी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर पांढरी टोपी बंडखोराच्या डोक्यावरून मंत्र्याच्या डोक्यावर गेली आणि तिचा अर्थ बदलला. ‘टोपी फिरवणे’ म्हणजे पक्ष किंवा शब्द बदलणे आणि ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे, हे अर्थ मराठीत रूढ आहेत. पुढाऱ्याची टोपी पाहणाऱ्या श्रोत्याला ते आठवले तर नवल नाही. त्याच वेळी वारकरी, वृद्ध शेतकरी आणि मुंबईचे डबेवाले यांच्या डोक्यांवर ती सत्तेशी संबंध न ठेवता टिकून राहिली. इ. स. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात अण्णा हजारे यांच्या अनुयायांनी अक्षरे छापलेल्या टोप्या घातल्या. टोपीचा अर्थ आपोआप कळेनासा झाला होता, म्हणूनच तो तिच्यावर लिहावा लागला.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरवासी पुरुषाचे डोके उघडे झाले. यामुळे पगडी नाहीशी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती डोक्यावरून उतरून सत्काराच्या तबकात गेली. इ. स. २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले. नित्य वापरातून गेलेली वस्तू वारसा म्हणून नोंदली जावी, हा क्रम सर्वपरिचित आहे. मुंबईत तर ‘पगडी’ या शब्दाला भाडेकरूने जागेसाठी द्यावयाच्या रकमेचा अर्थ आला, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये असा व्यवहार विधिमान्यही ठरला.

जून २०१८ मध्ये पुण्यातील एका राजकीय मेळाव्यात पुणेरी पगडीऐवजी फुले पगडीने सत्कार करण्याची सूचना झाली. जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभाच्या वेळी याच प्रश्नावरून विद्यार्थ्यांनी निषेध केला. या वादाला क्षुल्लक म्हणून बाजूस सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. विद्येचा सन्मान कोणाच्या शिरोवेष्टनाने व्हावा, हा प्रश्न विद्येवर कोणाचा वारसा आहे या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. इ. स. १८८८ मध्ये फुल्यांनी विचारलेला प्रश्नच येथे पुन्हा उपस्थित झाला आहे.

तथापि एक भेद नोंदविणे अगत्याचे आहे. फुल्यांनी खेडुताचा वेष स्वतः निवडून धारण केला होता. गांधी टोपीही प्रत्येकाने स्वतःच घालावयाची होती. सत्काराची पगडी मग ती कोणत्याही घाटाची असो, दुसरा घालतो व समारंभ संपताच ती उतरली जाते. पगडीचा घाट बदलला तरी देणारा वर आणि घेणारा खाली हा शिरपावाचा जुना व्यवहार त्यात शिल्लक राहतो. कोणती पगडी द्यावी या वादाचा निकाल कसाही लागो. ती देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि महाराष्ट्रातील शिरोवेष्टनांच्या इतिहासाचे सार त्या प्रश्नातच साठलेले आहे.