सरपण उचलणारा लोखंडी हात

आपल्याकडे माती उकरणारं कुठलंही पिवळं यंत्र ‘जेसीबी’ असतं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ही आद्याक्षरं, पण खेड्यातल्या पोराला तो शब्द आपलाच वाटतो. खुद्द इंग्लंडमध्ये असाच एक परका शब्द घरचा झाला आहे : ‘हायअ‍ॅब’. ट्रकवर बसवलेल्या, घडी घालता येणाऱ्या क्रेनला तिथे सर्रास हायअ‍ॅब म्हणतात. मग ती कुठल्याही कंपनीची असो. थंडी तोंडावर आली की सरपण पोचवणारे असे ट्रक गावोगाव फिरू लागतात. केबिनमागे दुमडून बसलेला लोखंडी हात उलगडतो, ओंडक्यांनी भरलेली भलीमोठी पिशवी उचलतो आणि कुंपणावरून नेऊन घरासमोर अलगद टेकवतो.

या शब्दाचं माहेर स्वीडनमधलं. ‘हायड्रॉलिस्का इंडस्ट्री एबी’ या कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरं. ‘एबी’ हे तिकडे भागभांडवलाच्या कंपनीमागे लागणारं शेपूट. बोथनियाच्या आखाताकाठच्या हुडिक्सवॉल या गावी १९४४ साली एरिक सुंदिन यांनी ती काढली. सुंदिन यांचा मूळ धंदा बर्फावरून घसरत जायच्या स्की बनवण्याचा, म्हणजे लाकडाचाच.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. युद्धामुळे स्वीडनला पेट्रोल मिळेनासं झालं होतं. लाकूड अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर तिथल्या हजारो गाड्या धावत होत्या. स्टॉकहोमच्या चौकांत सरपणाच्या घराएवढ्या थप्प्या लागल्या होत्या. सगळा देश लाकडावर जगत होता, आणि ते लाकूड ट्रकवर चढवायचं तर माणसांचे खांदे आणि कंबर खर्ची पडत होती. ओझं वाहणाऱ्या शरीराला काय किंमत मोजावी लागते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. आपण १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. त्या शब्दातच माथा आहे.

द्रवाच्या दाबावर चालणारी क्रेन तेव्हा नवी नव्हती. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८४६ साली न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्याच्या दाबावर क्रेन चालवून दाखवली होती. पण ती क्रेन एका जागी रोवलेली; माल तिच्यापाशी आणावा लागे. सुंदिन यांना दिसलं ते वेगळंच. माल चढवताना ट्रक उभा असतो, म्हणजे त्याचं दांडगं इंजिन रिकामं असतं. त्या रिकाम्या ताकदीवर तेलाचा पंप फिरवावा, दाबाखालचं तेल सिलिंडरमध्ये सोडावं आणि त्या जोरावर बाहू उचलावा. १९४७ साली कंपनीने ट्रकवरची अशी हायड्रॉलिक क्रेन बाजारात आणली. माझ्या मते हा शोध यंत्राचा कमी आणि नजरेचा जास्त आहे. पंप, तेल, सिलिंडर हे सगळं आधीपासून होतंच.

अशा क्रेनची ताकद नुसत्या टनांत सांगत नाहीत, टन-मीटरमध्ये सांगतात. भरलेली कळशी कमरेवर सहज पेलते. तीच हात लांब करून धरली तर मनगट थरथरतं. क्रेनचंही तसंच. दहा टन-मीटरची क्रेन दोन मीटरवर पाच टन पेलेल, पण दहा मीटरवर जेमतेम एक टन. बाहूचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. म्हणून चालक आधी ट्रकच्या दोन्ही बाजूंचे पाय बाहेर काढून जमिनीवर घट्ट रोवतो. जमीन पावसाने भिजलेली असेल तर पायांखाली फळ्या घालतो आणि वर विजेच्या तारा आहेत का ते पाहतो. यातलं एक चुकलं तरी जीव जाऊ शकतो.

ओंडके सुटे असतील तर हुक अडकवायचा कुठे? त्यासाठी पिशवी यावी लागली, आणि तिचं कूळ वेगळं. जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली इटलीत पॉलिप्रोपिलीन घडवलं. पुढे १९६३ चं नोबेल त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत मिळालं. त्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून साठच्या दशकात टनभर माल पेलणाऱ्या पिशव्या तयार होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत बांधकामांची लाट आली आणि युरोपातलं सिमेंट याच पिशव्यांतून तिकडे गेलं. आपल्या कारखान्यांत हिला ‘जंबो बॅग’ म्हणतात. सरपणासाठी हिच्या बाजू जाळीदार करतात, म्हणजे ओंडक्यांना वारा लागतो.

इंग्लंडमध्ये सरपण वजनावर नव्हे, आकारमानावर विकतात, आणि ते रास्तच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं अर्ध्याच्या आसपास वजन निव्वळ पाण्याचं असू शकतं. तोलून घेतलं तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजतं, आणि ते पाणी मग चुलीत वाफ होऊन बाहेर पडतं. १ मे २०२१ पासून तिथे कायदाच आला : दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर त्यात ओलावा २० टक्क्यांहून जास्त नको. मोठी पिशवी या मर्यादेच्या आतच बसते. त्यामुळे आज उतरणारं लाकूड बहुधा भट्टीत वाळवलेलं, हलकं असतं. पिशवीचं वजन काही शे किलो. चालक एकटा येतो, पिशवी उतरवतो आणि निघून जातो. ओंडके आत नेऊन रचायचं काम घरच्यांचं.

या पिशव्यांचा भारत हा जगातला एक मोठा निर्यातदार आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या घरासमोर टेकलेली पिशवी आपल्याच एखाद्या कारखान्यात शिवलेली असू शकते. बांधकामावर किंवा गोदामात जंबो बॅग दिसली तर तिच्या कडेला शिवलेली चिठ्ठी वाचून पाहा. त्यावर सुरक्षित भार लिहिलेला असतो आणि शेजारी बहुधा ‘पाचास एक’ असं प्रमाण. म्हणजे हजार किलोंसाठी शिवलेल्या पिशवीच्या नमुन्याने चाचणीत पाच हजार किलोंचा भार सोसलेला असतो. तो सगळा भार वरच्या चार बंदांवर आणि त्यांच्या शिवणीवर येतो.