सांता फेचे पत्र्याचे कंदील

जिंकलेल्या मुलखात जेत्याच्या लष्करामागोमाग नवा अंमल येतो, नवे कायदे व नवी नाणी येतात, हे इतिहासकार साक्षेपाने लिहून ठेवतात. परंतु त्या लष्कराच्या रसदीचे रिकामे डबे पुढे कोठे गेले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात सहसा आढळत नाही. न्यू मेक्सिकोच्या रुक्ष, डोंगराळ प्रांतात ते देवघरांत गेले.

१८४६ च्या ऑगस्टात जनरल कर्नीची अमेरिकन फौज सांता फे शहरात शिरली आणि १८४८ च्या तहान्वये तो प्रांत मेक्सिकोच्या हातून कायमचा गेला. तत्पूर्वी तेथे कल्हईदार पत्रा दुर्मिळ होता. नव्या अमदानीत मात्र मिसूरीकडून येणाऱ्या गाड्यांच्या तांड्यांबरोबर डुकराची चरबी, दिव्याचे तेल आणि छावणीची खाद्यसामग्री पत्र्याच्या डब्यांतून येऊ लागली, आणि आतला माल संपला म्हणून डबा फेकून द्यावा इतकी संपन्नता तेथील स्पॅनिशभाषक गृहस्थाच्या घरी नव्हती. एके काळी राकेलच्या रिकाम्या डब्याने पाणी भरणाऱ्या आणि त्याच्याच पत्र्याने पडवी शाकारणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावयास नको.

कारागिराचा सरंजाम तुटपुंजा असे: कातर, हातोडी, खिळे आणि चामड्यावर नक्षी उठविण्याचे ठसे. डबा उलगडून सपाट करावा, ठोक्यांनी त्यावर कंगोरे, पाकळ्या व शिंपले उठवावेत, तुकडे डाकाने सांधावेत आणि त्याच वाटेने आलेल्या काचा बसवून आत मेणबत्ती उभी करावी, असा हा क्रम. भिंतीवरच्या दीपदानांची चकचकीत पाठ ज्योतीचा प्रकाश परतवी, आणि मातीच्या जाड भिंतींच्या त्या काळोख्या देवळांत हा लाभ लहान नव्हता. १८५१ मध्ये आलेल्या धर्माधिकारी लामी यांच्या कारकीर्दीत संतांची छापील चित्रे मुबलक झाली, तेव्हा त्यांच्या चौकटीही याच पत्र्याच्या झाल्या. कित्येक वस्तूंच्या मागील अंगास मूळ मालाचा छाप आजही वाचता येतो; समोर संताची प्रसन्न मुद्रा आणि पाठीवर व्यापाऱ्याची जाहिरात! या कलेत मला सर्वाधिक प्रिय आहे ते हेच, कारण ज्या व्यवहाराने हा पत्रा तेथवर आणला त्याचा दाखला कारागिराने खोडला नाही.

पुढे त्याच व्यवहाराने ही कला मोडली. १८८० मध्ये सांता फेला आगगाडी पोहोचली, आणि तयार चौकटी व राकेलचे दिवे तिच्यातून स्वस्तात उतरू लागताच पत्रेकाम करणाऱ्याचे गिऱ्हाईक आटले. १९२५ मध्ये लेखिका मेरी ऑस्टिन व चित्रकार फ्रँक ॲपलगेट यांनी जुन्या स्पॅनिश कलांच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली; त्या चळवळीच्या काळात कंदील पुन्हा घडू लागले, मात्र आता विजेच्या दिव्यांसाठी आणि बहुधा कोऱ्या पत्र्याचे. त्यांची घडण सुबक आहे, यात वाद नाही. तथापि जुन्याची पारख करू इच्छिणाऱ्याने वस्तू प्रथम उलटी करून पाहावी.