रिकामे आसन आणि यात्रेकरूची दृष्टी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आम्हांला सांगत, की शिक्षकाने चारचौघांत सांगितलेली चूक चारचौघांतच दुरुस्त करावी. आज मी तेच करणार आहे. महाविद्यालयाच्या सहलीबरोबर मी अनेक वर्षे सांचीला जात असे आणि महास्तूपाच्या पूर्व तोरणापुढे उभा राहून एक ठरलेले वाक्य उच्चारीत असे: ‘आरंभीच्या कलेत बुद्धमूर्ती कोरीत नसत, म्हणून जेथे वृक्ष, चक्र किंवा रिकामे आसन दिसेल, तेथे बुद्ध आहेत असे समजावे.’ हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे.

त्याची खरी बाजू प्रथम पाहू. याच तोरणाच्या मधल्या आडव्या पट्टीवर महाभिनिष्क्रमणाचा प्रसंग आहे. कंथक अश्व पुन्हा पुन्हा कोरला आहे. त्याच्या पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेले आहे. शेवटी पदचिन्हे उमटतात, आणि घोडा रिकामाच माघारी वळतो. येथे छत्राखालची मोकळी जागा म्हणजे सिद्धार्थच, याबद्दल शंका नको.

आता दृष्टी थोडी खाली, तिसऱ्या पट्टीकडे न्यावी. मध्यभागी बोधिवृक्ष आहे. पण तो उघड्यावर नाही. त्याच्याभोवती मंदिर उभे आहे आणि गवाक्षांतून फांद्या बाहेर आल्या आहेत. एका बाजूला राजा हत्तीवरून उतरतो आहे. सर जॉन मार्शल यांनी ही अशोकाची बोधिवृक्षयात्रा असल्याचे ओळखले. आपल्या आठव्या शिलालेखात अशोक सांगतो, की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला गेलो. लुंबिनीच्या स्तंभावर तो लिहितो, की विसाव्या वर्षी आपण स्वतः येऊन पूजा केली; तेथील बळी माफ केला आणि भाग आठव्या हिश्श्यावर आणला. म्हणजे या पट्टीवर संबोधीची रात्र नाही. बुद्धांच्या निर्वाणानंतर फार काळाने घडलेली एक तीर्थयात्रा आहे. येथला वृक्ष बुद्धांच्या जागी ठेवलेला नाही. तो वृक्षच आहे, आणि वंदनीय आहे.

सतना जिल्ह्यातील भारहुतचा स्तूप कनिंगहॅम यांना १८७३ साली सापडला. त्याचे कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील एका शिल्पाखाली ‘भगवान शाक्यमुनींची बोधी’ या अर्थाचा लेख कोरला आहे. नाव प्रसंगाचे आहे, चित्रात मात्र वृक्षाभोवती खांबांची दुमजली वास्तू उभी आहे. संबोधीच्या रात्री तेथे वास्तू कोठून असणार? शिल्पकाराने लेखात प्रसंगाचे नाव दिले आणि भक्त प्रत्यक्ष पाहत असत ते स्थान कोरले. एकाच शिळेवर चरित्र आणि तीर्थ ही दोन्ही एकत्र आली.

यावर पंडितांचे मतभेद आहेत. या चिन्हांचा उगम यात्रेकरूंनी तीर्थांहून नेलेल्या स्मरणवस्तूंत असावा, असे आल्फ्रेड फूशे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुचविले होते. सुझन हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये अशी अनेक शिल्पे तीर्थपूजेचीच आहेत असे प्रतिपादिले. विद्या देहेजिया यांनी १९९१ मध्ये उत्तर दिले, की एकच चिन्ह प्रसंग, स्थान आणि बुद्धांचे गुण असे अनेक अर्थ वाहू शकते. भारहुतचा तो लेख वाचल्यावर मला देहेजियांचे म्हणणे अधिक पटते.

पण हे सारे सांचीलाच कशासाठी? महापरिनिब्बानसुत्तात जन्म, संबोधी, धर्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण यांची चार स्थाने श्रद्धावंतांनी पाहावीत असे सांगितले आहे. त्यांत सांची नाही. बुद्ध येथे आल्याचाही उल्लेख परंपरेत आढळत नाही. जेथे स्वतःचा प्रसंग नाही, तेथे दूरची तीर्थे दगडात आणून वसवावी लागली. ती वसविणाऱ्यांत विदिशेचे हस्तिदंत कोरणारे कारागीर होते. त्यांचा लेख दक्षिण तोरणावर आहे. त्याच तोरणावर राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. सातवाहनांच्या या नावाने मराठी मुलुखाचा धागाही तेथे गुंफला गेला आहे.

पुढे बुद्धमूर्ती सर्वत्र घडू लागल्या, तरी ही दृष्टी लोपली नाही. पाल राजांच्या काळातील शिलापट्टांवर मध्यभागी संबोधीचे बुद्ध आणि भोवती उरलेले सात प्रसंग असतात: राजगृहाचा मत्त हत्ती, वैशालीच्या वानराने दिलेला मध, संकाश्यातील अवतरण इत्यादी. प्रत्येक प्रसंगाला आपले गाव आहे. त्या एका शिळेपुढे उभा राहणारा भक्त आठ तीर्थे करून येत असे.

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पंढरी दूर राहिली म्हणून आपल्या घरांतून विठोबा गेला नाही. मात्र माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. पुन्हा सांचीला गेलात, तर माझे ते वाक्य क्षणभर बाजूला ठेवा आणि वृक्षाभोवतीचे ते मंदिर आधी पाहा. मी ते इतक्या वर्षांत पाहिले होते. त्याचा अर्थ विचारायचे मात्र राहून गेले होते.