संकासुर आणि नातवाचे हेडफोन

मुलाचा डोंबिवलीहून फोन आला. "अण्णा, आता तुम्हीच बोला त्याच्याशी. दार लावून दिवसभर ते सैतानी संगीत ऐकत बसतो. बारावीचं वर्ष आहे."

जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या वाट्याला अशी कामं येतातच. शनिवारी नातू कर्जत लोकलने आला. म्हटलं, उपदेश नंतर, आधी मला ऐकव तरी.

खोटं कशाला सांगू, पहिली दोन मिनिटं कठीण गेली. आमच्या कर्जत स्टेशनात बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती सगळी एकदम अंगावर यावीत तसा तो ढोल. तोही दोन्ही पायांनी वाजवतात म्हणे. गाणारा तर गातच नाही, नुसता गुरगुरतो. नातू म्हणाला, "याला मेटल म्हणतात, अण्णा." इतिहास हा माझा विषय, म्हणून म्हटलं, मुळापासून सांग.

तर मंडळी, मूळ सापडतं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावात. टोनी आयोमी नावाच्या पोराची १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, ती बोटांना चढवली आणि वाजवू लागला. पुढे ताराही सैल केल्या आणि आवाज खर्जात गेला. त्यांनी पाहिलं, की लोक पदरचे पैसे मोडून भुताचे सिनेमे बघायला जातात, मग तसलं संगीत का नको? १९६३ च्या एका भयपटाचं नाव उचललं, ब्लॅक सॅबथ, आणि १९७० मध्ये त्याच नावाची पहिली तबकडी काढली.

तिच्यातलं पहिलं गाणं मी पेटीवर काढून पाहिलं. षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. एवढंच! युरोपात या जोडीला सैतानाचे सूर म्हणत आले. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात संध्याकाळ प्रसन्न करतो. सुरात सैतान नसतो, तो कसा लावता त्यावर आहे सगळं.

पुढच्या पोरांनी टॉल्किनच्या कादंबऱ्यांतली राक्षसांची भाषा नि काळ्या प्रदेशांची नावं घेतली. मुलाची भीती अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. नॉर्वेत १९९२ च्या सुमारास या मंडळींपैकी काहींनी खरोखर चर्च जाळली. टॉल्किनच्या काळोखाच्या शब्दावरून बर्झुम हे नाव घेतलेल्या वादकाला खून आणि जाळपोळीबद्दल १९९४ मध्ये एकवीस वर्षांची शिक्षा झाली. नातवाला हे ठाऊक होतं. "त्याचं मी ऐकत नाही," म्हणाला.

आपल्याकडे धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून रॉकचे मोठे जलसे होत. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा संच २००० सालचा, साहिल मखीजाचा. आधी त्यांनी स्वतः रचलेल्या काळोखाच्या कथा गायल्या, आणि २०१७ मध्ये काढला 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. भाषा इंग्रजी, पण गोष्ट आपल्या आजीची.

त्यातलं मत्स्याचं गाणं लागलं आणि मी एकदम आजोळी, गुहागरकडे. शिमग्यातला संकासुर! काळा पायघोळ वेश, उंच टोपी, कापसाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. वेद पळवणारा तो हाच, त्याच्यासाठीच मत्स्यावतार. आम्ही पोरं किंचाळत माजघरात पळायचो, आणि घुंगरं लांब गेली की पुन्हा ओटीवर.

मग आठवलं ते सांगायचं टाळत होतो. ऐंशीच्या दशकात नववीतल्या एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात मला नारायण धारपांची कादंबरी सापडली. मी ती वर्गासमोर फाडली. पुस्तक वाचनालयाचं होतं. वडील आदिवासी वाडीवरचे, मोलमजुरी करणारे. त्यांनी भुर्दंड भरला. त्यानंतर त्या मुलाच्या हातात मी अवांतर पुस्तक पाहिलं नाही. धारप २००८ मध्ये गेले. 'तुंबाड' सिनेमा आला २०१८ साली, आणि त्यांच्या कथेवरून स्फुरलाय म्हणून लोक कौतुक करू लागले. तेव्हा मी घरात गप्प होतो.

हे नातवाला सांगितलं. त्याने हेडफोन काढून ठेवले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो मुलगा आता कुठे असतो?"

मला माहीत नव्हतं.

रात्री मुलाला फोन केला. म्हटलं, अभ्यास रोज तीन तास करीन असं कबूल केलंय त्याने, बाकी राहू दे. मुलगा वैतागला. "तुम्ही त्याला समजवायला घेतलं होतं ना?" नातू तेव्हा पेटीपाशी बसून तीव्र मध्यम शोधत होता. दर वेळी बोट शुद्धावरच पडत होतं.