महाराष्ट्रातील आंतरदेशीय दत्तकविधान

आंतरदेशीय दत्तकविधान म्हणजे एका देशातील बालकाला दुसऱ्या देशात वास्तव्य करणाऱ्या पालकांनी कायदेशीररीत्या दत्तक घेणे. भारतात ही प्रक्रिया बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५, त्याखालील दत्तक विनियम, २०२२ आणि १९९३ चा हेग करार यांच्या चौकटीत चालते. अनिवासी भारतीय, भारतीय वंशाचे परदेशी नागरिक आणि अन्य परदेशी नागरिक या मार्गाने भारतातील बालक दत्तक घेऊ शकतात. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण (कारा) ही या प्रक्रियेची सर्वोच्च संस्था आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हाधिकारी यांच्यामार्फत तिची अंमलबजावणी होते.

इतिहास

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू असल्याने परदेशी दांपत्यांना भारतात दत्तक घेण्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. ते पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये न्यायालयाकडून बालकाचे पालकत्व मिळवत, त्याला आपल्या देशात नेत आणि तेथील कायद्यानुसार दत्तकविधान पूर्ण करीत. बालक देशाबाहेर गेल्यावर त्याचे पुढे काय होते, यावर भारतीय यंत्रणेचे नियंत्रण राहत नसे.

या व्यवहारांतील गैरप्रकारांकडे लक्ष वेधणारे पत्र अधिवक्ता लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालात आंतरदेशीय दत्तकासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली. बालकासाठी आधी भारतीय कुटुंबाचा शोध घ्यावा, परदेशी अर्ज मान्यताप्राप्त सामाजिक संस्थेमार्फतच यावा आणि अर्जदारांच्या घराची व परिस्थितीची पाहणी झालेली असावी, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. त्यानंतर १९९० मध्ये ‘कारा’ची स्थापना झाली. भारताने जून २००३ मध्ये हेग करारास अनुसमर्थन दिले आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो भारतात लागू झाला. २०१५ च्या अधिनियमाने ‘कारा’ला वैधानिक दर्जा मिळाला.

बालक दत्तकमुक्त घोषित होणे

कोणत्याही दत्तकविधानाची सुरुवात जिल्हा पातळीवर होते. बुलढाणा जिल्ह्यात एखादे बालक बेवारस आढळल्यास त्याला बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. समिती त्याच्या आई-वडिलांचा शोध घेण्याचे आदेश देते. शोध निष्फळ ठरल्यास दोन वर्षांपर्यंतचे बालक दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे बालक चार महिन्यांत कायदेशीररीत्या दत्तकमुक्त घोषित केले जाते. जन्मदात्या पालकांनी बालक स्वेच्छेने समितीच्या स्वाधीन केले असेल, तर निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत असते.

दत्तकमुक्त बालकाला देशातच कुटुंब मिळावे, हे कायद्याचे पहिले उद्दिष्ट आहे. साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब न मिळाल्यास ते बालक आंतरदेशीय दत्तकासाठी उपलब्ध होते. शारीरिक वा मानसिक दिव्यांगत्व असलेली बालके, भावंडे आणि पाच वर्षांवरील बालके यांना आंतरदेशीय दत्तकविधानात प्राधान्य देता येते. परिणामी परदेशी जाणाऱ्या बालकांत विशेष गरजा असलेल्या आणि वयाने मोठ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय असते. देशांतर्गत इच्छुक पालकांचा कल मुख्यतः निरोगी व लहान वयाच्या बालकांकडे असतो.

पालकांची पात्रता आणि प्रक्रिया

पालक आणि बालक यांच्या वयांत किमान पंचवीस वर्षांचे अंतर आवश्यक असते. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. परदेशातील इच्छुक पालक तेथील मान्यताप्राप्त संस्थेकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करतात. ती संस्था कुटुंबाचा गृह अभ्यास अहवाल तयार करते आणि अर्जाची नोंद ‘कारा’च्या संगणकीय प्रणालीवर होते.

बालकाचा अभ्यास अहवाल व वैद्यकीय अहवाल पाहून पालकांनी संमती दिल्यानंतर आणि त्यांच्या देशाच्या प्राधिकरणाने मान्यता दिल्यानंतर ‘कारा’ ना हरकत प्रमाणपत्र देते. पाच वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या बालकाची स्वतःची संमतीही घेतली जाते. पुढे दत्तक आदेश, हेग करारानुसार अनुरूपता प्रमाणपत्र, नव्या पालकांच्या नावांसह जन्म प्रमाणपत्र, पारपत्र आणि संबंधित देशाचा प्रवेश परवाना असे टप्पे असतात.

२०२१ च्या सुधारणेनुसार १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. ही सुनावणी बंद दालनात होते आणि प्रकरण दोन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित असते. न्यायालयांत आधीच प्रलंबित असलेल्या प्रकरणांच्या हस्तांतरणाला आव्हान मिळाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन ती प्रकरणे न्यायालयापुढेच चालू ठेवली.

पालकांचा प्रवास आणि बालकाशी जुळणी

बालकाला नेण्यासाठी पालक भारतात येतात. बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नसली तरी मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत. ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आणि अंतिम आदेशापूर्वी बालकाला देशातच तात्पुरत्या स्वरूपात पालकांच्या ताब्यात देता येते. यास दत्तकपूर्व प्रतिपालन म्हणतात. कायदेशीर कागदपत्रे पूर्ण होईपर्यंतचा हा काळ एकमेकांची ओळख होण्याचाही असतो.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आसक्ती सिद्धांतानुसार बालकाच्या भावनिक वाढीसाठी एखाद्या ठरावीक काळजीवाहू व्यक्तीशी जवळीक आवश्यक असते. संस्थेत वाढलेल्या बालकाची अशी जवळीक तेथील दायीशी किंवा ताईशी जुळलेली असू शकते. तिच्यापासून दूर होणे हा बालकाच्या दृष्टीने वियोगच असतो. म्हणून पहिल्या भेटी संस्थेच्या आवारातच, ओळखीच्या माणसांसमोर घडवून आणणे हितकारक ठरते. नव्या कुटुंबाची छायाचित्रे आधी दाखवणे, बालकाची नेहमीची चादर वा खेळणे सोबत देणे, झोपण्याच्या व जेवण्याच्या वेळा शक्यतो न बदलणे, हे उपायही उपयोगी पडतात. मराठी बोलणारे चार-पाच वर्षांचे मूल परक्या भाषेच्या घरात गेल्यास, पालकांना ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’, ‘दुखतंय’ असे मोजके शब्द येत असणे पहिल्या आठवड्यांत मोलाचे ठरते.

बालक सुरुवातीला रडते, गप्प राहते किंवा उलट कोणाच्याही कडेवर सहज जाते. सर्वांशी सारखीच सलगी करणे हे जवळीक जुळल्याचे लक्षण असतेच असे नाही. जुळणीला महिने, प्रसंगी वर्षे लागतात. बालक परदेशी गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल पाठवावा लागतो. जुळणी अपयशी ठरल्यास बालकासाठी पर्यायी व्यवस्था करण्याची तरतूद आहे.

नातेवाइकांमधील दत्तक

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत भावाचे किंवा बहिणीचे मूल दत्तक घेण्याचे प्रसंग येतात. २०१५ च्या अधिनियमात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा यांचा ‘नातेवाईक’ या संज्ञेत समावेश आहे. अशा दत्तकासाठीही ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. केवळ नोंदणीकृत दत्तकपत्राच्या आधारे बालकाला परदेशी नेता येत नाही. २०२१ पासून हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखालील आंतरदेशीय दत्तकांसाठीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणीची तरतूद करण्यात आली.

उलट दिशेचा प्रश्नही न्यायालयापुढे आला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या, त्या देशाचे नागरिकत्व असलेल्या नातेवाइकाच्या मुलाला दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय दांपत्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. परदेशी नागरिक असलेले बालक दत्तक घेणे हा मूलभूत अधिकार नाही, असे न्यायालयाने नमूद केले.

उल्लेखनीय व्यक्ती

ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाच्या माजी कर्णधार लिसा स्थळेकर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात झाला. ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या श्रीवत्स या बालसंगोपन केंद्रात त्यांचे नाव लैला होते. मुंबईत जन्मलेले हरेन स्थळेकर व त्यांच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नी स्यू यांनी त्यांना अवघ्या काही आठवड्यांच्या असताना दत्तक घेतले. अमेरिका व केनिया येथील वास्तव्यानंतर हे कुटुंब सिडनीत स्थायिक झाले. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत १,००० धावा व १०० बळी अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या खेळाडू ठरल्या.

टीका आणि बदलते चित्र

बेकायदेशीर मार्गाने दत्तक घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर बालकाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व दंड अशी शिक्षा आहे. तरीही जन्मदात्या आईची संमती खरोखर घेतली गेली होती का, हा प्रश्न जुन्या प्रकरणांत वारंवार उपस्थित झाला आहे. पुण्यात जन्मलेले आणि १९७३ मध्ये जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांनी आपल्या जन्माची कागदपत्रे मिळवण्यासाठी भारतीय न्यायालयांत दीर्घ लढा दिला. सध्याच्या विनियमांत मूळ शोधण्याच्या अधिकाराला मान्यता असली, तरी जन्मदात्या पालकांची गोपनीयता राखण्याचे बंधनही आहे.

जगभरात आंतरदेशीय दत्तकांची संख्या घटत आहे. चीनने २०२४ मध्ये नातेवाइकांचा अपवाद वगळता परदेशी दत्तक बंद केले आणि त्याच वर्षी नेदरलँड्सनेही ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपवण्याचा निर्णय घेतला. भारतात २०१८–१९ मध्ये ३,३७४ देशांतर्गत आणि ६५३ आंतरदेशीय दत्तके झाली, तर २०२२–२३ मध्ये हे आकडे अनुक्रमे ३,०१० व ४३१ होते. विशेष गरजा असलेल्या अनेक बालकांसाठी मात्र परदेशी कुटुंब हाच कुटुंब मिळण्याचा मार्ग राहिला आहे.